आज्ञा आणि मजकूर : बिनतारी मोडेमची कथा

पेशवाईच्या काळात जासूद पत्रांची थैली घेऊन निघे, तेव्हा त्याच्या स्वाधीन दोन गोष्टी केल्या जात. एक म्हणजे थैलीतला बंद मजकूर. तो ज्याच्या नावाचा असेल त्यानेच उघडावयाचा. दुसरी म्हणजे खुद्द जासुदाला दिलेली आज्ञा : अमुक वाटेने जा, इतक्या दिवसांत पोहोच, उत्तर घेऊनच परत फीर. जासूद हा बोलून चालून शहाणा माणूस. त्यामुळे आपल्यासाठी काय आणि पलीकडच्या धन्यासाठी काय, याविषयी त्याच्या मनात कधी घोटाळा होत नसे. परंतु जासुदाच्या जागी यंत्र आले, आणि आज्ञा व मजकूर ही दोन्ही एकाच वाटेने, एकाच लिपीत त्याच्यापुढे येऊ लागली, तर त्याने ती निरनिराळी कशी ओळखावीत? प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि टंकित अक्षरांनी हुकूम ऐकणाऱ्या बिनतारी मोडेमचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एकाच प्रश्नाचा इतिहास होय.

प्रथम मोडेम म्हणजे काय ते पाहणे इष्ट ठरेल. लहरीवर अंक आरूढ करणारा आणि लहरीवरून ते पुन्हा उतरवून घेणारा, अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून हे नाव तयार झाले आहे. संगणकाची सारी भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. अशा प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. दूरध्वनीची तार मात्र मनुष्याच्या आवाजासाठी घातलेली, तीवरून हे बिट जसेच्या तसे दूर जाऊ शकत नाहीत. म्हणून मोडेम शून्यासाठी एक सूर काढतो व एकासाठी दुसरा. पलीकडचा मोडेम ते सूर ऐकून त्यांचे पुन्हा अंक करतो. १९६२ साली अमेरिकेतील बेल व्यवस्थेने प्रचारात आणलेला १०३ क्रमांकाचा मोडेम सेकंदाला ३०० बिट या गतीने असे काम करी. हाक मारणाऱ्या बाजूचे सूर सेकंदाला १०७० व १२७० आवर्तनांचे असत, तर उत्तर देणाऱ्या बाजूचे २०२५ व २२२५ आवर्तनांचे. बिनतारी मोडेमचे काम तत्त्वतः याहून निराळे नाही. फक्त तारेच्या जागी रेडिओलहर येते, आणि प्रक्षेपक केव्हा चालू करावा व केव्हा बंद करावा, ही जबाबदारी वाढते.

तारायंत्राच्या युगात आज्ञा आणि मजकूर यांची निवड तारमास्तर करीत असे. गिऱ्हाइकाची तार वेगळी, आणि ‘जरा थांबा’, ‘पुन्हा पाठवा’ हे दोन तारमास्तरांमधले आपसातले बोलणे वेगळे. १९१२ साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय बिनतारी परिषदेने क्यू या अक्षराने सुरू होणाऱ्या तीन-तीन अक्षरी संकेतांची यादी मान्य केली. क्यूआरएम म्हणजे दुसऱ्याच्या प्रक्षेपणाचा अडथळा होत आहे, क्यूआरटी म्हणजे प्रक्षेपण थांबवा. हे संकेत गिऱ्हाइकासाठी नसत, ते यंत्रावर बसलेल्या माणसासाठी असत. पुढे टेलिप्रिंटर आला आणि माणूस थोडा मागे सरला. त्या यंत्राच्या लिपीत ‘तुम्ही कोण?’ असे विचारणारे एक खास चिन्ह होते. ते येऊन पोहोचताच पलीकडचे यंत्र, समोर कोणी बसलेले असो वा नसो, आपली ओळख आपोआप छापून पाठवी. यंत्राने मजकुरातून आज्ञा निवडून काढण्याचा हा एक आरंभीचा आणि ठसठशीत दाखला म्हणता येईल. १९६३ साली अमेरिकेत संगणकांसाठी आस्की ही १२८ स्थानांची प्रमाण लिपी ठरली, तेव्हा तिची पहिली ३२ स्थाने अशाच न छापल्या जाणाऱ्या नियंत्रण-चिन्हांसाठी राखून ठेवण्यात आली. मजकूर येथे सुरू होतो, येथे संपतो, घंटा वाजवा, अशी ती चिन्हे होती. आज्ञेची जात वेगळी, मजकुराची जात वेगळी, असा हा सोवळ्याओवळ्याचा कारभार होता.

रेडिओलहरींवरून संगणकाशी बोलण्याचा पहिला मोठा प्रयोग पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठाचे प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी उभारलेली अलोहा ही यंत्रणा जून १९७१ मध्ये सुरू झाली. दूरच्या ठिकाणी बसलेला मनुष्य कळफलकावर ओळ टाइप करी. त्याच्याजवळची नियंत्रणपेटी त्या ओळीचे, जास्तीत जास्त ८० अक्षरांचे, एक पुडके बांधून हवेत सोडी, आणि पोच न आल्यास तेच पुडके थोड्या वेळाने पुन्हा पाठवी. येथे पेटीला आज्ञा देण्याचा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही, कारण सर्व पुडक्यांचे गंतव्यस्थान एकच होते : विद्यापीठातील मध्यवर्ती संगणक. जासुदाला एकच गाव ठाऊक असले, म्हणजे ‘कोठे जाऊ?’ असे विचारण्याची गरज त्याला पडत नाही.

ही गरज निर्माण झाली ती हौशी बिनतारी चालकांच्या हाती हे तंत्र आल्यावर. ३१ मे १९७८ रोजी कॅनडातील माँट्रियल येथील हौशी चालकांनी अशा पुडक्यांचे पहिले प्रक्षेपण केले. पाठोपाठ व्हँकूव्हर येथील डग लॉकहार्ट यांच्या गटाने या कामासाठी एक छोटी नियंत्रणपेटी तयार केली, आणि ‘टर्मिनल नोड कंट्रोलर’ हे तिचे नाव पुढे सर्वत्र रूढ झाले. मार्च १९८० मध्ये अमेरिकेच्या सरकारनेही आपल्या हौशी चालकांना आस्की लिपीत प्रक्षेपण करण्याची मुभा दिली. आता एकाच लहरीवर अनेक चालक होते, आणि प्रत्येकाला आज एकाशी तर उद्या दुसऱ्याशी बोलावयाचे होते. तेव्हा कोणाला हाक मारावयाची, संभाषण केव्हा तोडावयाचे, प्रक्षेपक किती वेळ आधी चालू करावयाचा, हे सारे पेटीला सांगणे भाग होते. सांगण्याचे साधन मात्र एकच : कळफलकापासून पेटीपर्यंत आलेली ती एक तार, जिच्यावरून मजकूरही जावयाचा होता.

नेमका हाच पेच त्याच सुमारास दूरध्वनीच्या मोडेमपुढेही उभा होता. तोवर मनुष्य दूरध्वनीची तबकडी स्वतः फिरवी, पलीकडून सूर ऐकू आला की रिसीव्हर मोडेमच्या रबरी वाट्यांत ठेवी, आणि मग काम सुरू होई. क्रमांक आपोआप फिरविणारी यंत्रे होती, पण त्यांच्यासाठी संगणकापासून स्वतंत्र जोडणी करावी लागे. अमेरिकेतील अ‍ॅटलांटा शहरात डेनिस हेस आणि डेल हेदरिंग्टन या दोन तरुण तंत्रज्ञांनी १९७७ पासून घरगुती संगणकांसाठी मोडेम बनविण्यास आरंभ केला होता. त्यांचे आरंभीचे मोडेम संगणकाच्या पोटात बसत, त्यामुळे प्रत्येक जातीच्या संगणकाला निराळा मोडेम लागे. १९८१ साली त्यांनी स्मार्टमोडेम नावाचा बाहेर ठेवण्याचा मोडेम विक्रीस आणला. तो कोणत्याही संगणकाच्या साध्या क्रमिक जोडणीला लावता येई. परंतु त्या जोडणीत आज्ञेसाठी वेगळी तार नव्हती. तेव्हा आज्ञा मजकुराच्याच वाटेने पाठवावी, आणि ती समजण्यापुरती बुद्धी मोडेमच्या आत बसवावी, असा मार्ग त्यांनी काढला. त्यासाठी स्मार्टमोडेमच्या आत एक छोटा सूक्ष्मप्रक्रियक होता.

या आज्ञांची भाषा कोणासही टाइप करता येईल अशी साधी होती. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी ‘एटी’ ही दोन इंग्रजी अक्षरे. ‘लक्ष द्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो संक्षेप. त्यानंतर ‘डी’ आले म्हणजे क्रमांक फिरवा, ‘एच’ आले म्हणजे दूरध्वनी खाली ठेवा, ‘ए’ आले म्हणजे आलेल्या हाकेला उत्तर द्या, ‘झेड’ आले म्हणजे मूळ स्थितीवर या. उत्तरही माणसाच्या शब्दांत येई : काम झाले तर ‘ओके’, दूरध्वनीची घंटी वाजली तर ‘रिंग’, संबंध जुळला तर ‘कनेक्ट’, तुटला तर ‘नो कॅरियर’. या ‘एटी’मध्ये एक खुबीही होती. कळफलक कोणत्या गतीने बोलत आहे हे मोडेमला आधी ठाऊक नसे. ‘ए’ या अक्षराचे बिट ज्या क्रमाने निघतात त्यात आरंभीचा बिट एकटा स्पष्ट वेगळा दिसतो. त्याची लांबी मोजली की गती कळे. शिवाय ‘ए’च्या सांकेतिक अंकात एकाचा आकडा दोनदा येतो, म्हणजे सम, आणि ‘टी’च्या अंकात तीनदा, म्हणजे विषम. त्यामुळे अक्षरांच्या जोडीला तपासणीचा बिट कोणत्या रीतीने लावला आहे, हेही त्या दोन अक्षरांवरून उमगे. देवळात शिरताना घंटा वाजवावी, तशी ही हाक होती. तिच्यात वंदनही होते आणि ओळखही होती.

परंतु खरा बिकट प्रसंग यापुढचा. संबंध एकदा जुळला म्हणजे मोडेम येणारे प्रत्येक अक्षर मजकूर समजून पलीकडे धाडणार. त्याने तसे केलेच पाहिजे. मग आता ‘दूरध्वनी खाली ठेव’ असे त्याला सांगावे कसे? सांगू जावे तर ते शब्दही पलीकडे जाऊन छापले जाणार! यावर हेदरिंग्टन यांनी योजलेला उपाय फार मार्मिक होता. त्यांनी आज्ञेची खूण शब्दात न ठेवता शब्दाभोवतीच्या मौनात ठेवली. टाइप करणाऱ्याने किमान एक सेकंद स्वस्थ राहावे, मग तीन अधिक-चिन्हे (+++) लागोपाठ द्यावीत, आणि पुन्हा एक सेकंद स्वस्थ राहावे. मजकुराच्या ओघात तीन अधिक-चिन्हे योगायोगाने येतील, पण त्यांच्या दोन्ही अंगांना नेमकी अशी शांतता सहसा यावयाची नाही. ही खूण पटली की मोडेम संबंध न तोडता ‘ओके’ म्हणे आणि आज्ञा ऐकावयास सिद्ध होई. पुन्हा मजकुराकडे वळावयाचे असल्यास ‘एटीओ’ एवढे म्हटले की पुरे.

या मौनाचीच पुढे किंमत ठरली. ऑक्टोबर १९८५ मध्ये हेदरिंग्टन यांच्या या युक्तीला अमेरिकेचे पेटंट मिळाले. ‘एटी’ची भाषा मात्र कोणाच्या मालकीची राहिली नाही. शेकडो कारखानदारांनी तीच उचलली, आणि ‘हेसशी सुसंगत’ ही मोडेमच्या जाहिरातीतील नेहमीची ग्वाही होऊन बसली. शब्द सर्वांचे, पण शब्दांमधली स्तब्धता एकाची, अशी ही मोठी विलक्षण वाटणी होती. प्रकरण न्यायालयात गेले. १९९१ साली ज्यूरीने हेस कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि १९९२ साली अपिलातही तो कायम राहिला. अधिकारशुल्क टाळण्यासाठी काही कारखानदारांनी मौनाची अट वगळून, तीन अधिक-चिन्हांपाठोपाठ आज्ञा आली की ती मान्य करावी, अशी पर्यायी रीत काढली. तिचा परिणाम १९९० नंतरच्या दशकात अखेरीस दिसून आला. कोणी खोडसाळ मनुष्य दूरच्या संगणकाकडे ‘आहात काय?’ असे विचारणारे पुडके पाठवी आणि त्याच्या पोटात तीन अधिक-चिन्हे व ‘एटीएच’ हा मजकूर घाली. तो संगणक रीतीप्रमाणे तोच मजकूर उत्तरादाखल परत धाडू लागे. वाटेत त्याचाच मोडेम ती आज्ञा समजून दूरध्वनी खाली ठेवून देई! थैलीतला मजकूर जासुदाने स्वतःला दिलेला हुकूम म्हणून वाचला, तर काय अनर्थ होतो, याचे हे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक होते.

बिनतारी चालकांनी याच प्रश्नाची उकल आपल्या रीतीने केली. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील टूसॉन शहरी १९८१ साली हौशी चालकांची एक संस्था स्थापन झाली. टापर या आद्याक्षरांच्या नावाने ती ओळखली जाते. तिने १९८३ साली नियंत्रणपेटीचे सुटे भाग चालकांना घरी जोडण्यासाठी उपलब्ध केले, आणि १९८५ साली तिची सुधारलेली, स्वस्त अशी दुसरी आवृत्ती काढली. दरम्यान ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकन हौशी चालकांच्या मध्यवर्ती संघाने पुडक्यांच्या रचनेचे प्रमाण नियम मान्य केले होते. हे नियम एएक्स-२५ या नावाने प्रसिद्ध आहेत. टापरच्या या पेट्या म्हणजे टंकित शब्दांनी चालणारे बिनतारी मोडेम होत. त्यांची नक्कल अन्य कारखानदारांनीही केली आणि त्यांच्या आज्ञा जगभरच्या चालकांच्या तोंडी बसल्या.

अशा पेटीपुढे बसलेल्या चालकाचा व्यवहार कसा चाले, ते पाहण्यासारखे आहे. पेटी चालू करताच पडद्यावर ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे उमटत, म्हणजे पेटी आज्ञेची वाट पाहत आहे. पहिली आज्ञा ‘मायकॉल’. तिच्यापुढे चालकाने सरकारने दिलेली आपली संज्ञा टाइप करावयाची. कारण प्रक्षेपण करणाराने आपली ओळख देणे, हा हौशी बिनतारी कायद्याचा दंडक आहे. नंतर ‘कनेक्ट’ आणि ज्याच्याशी बोलावयाचे त्याची संज्ञा. पेटी आधी लहर मोकळी आहे का हे ऐके, मग प्रक्षेपक चालू करी, आणि सेकंदाला १२०० बिट या गतीने १२०० व २२०० आवर्तनांच्या दोन सुरांत आपली विनंती हवेत सोडी. पलीकडची पेटी उत्तरली की तीन तारका आणि ‘कनेक्टेड’ हा शब्द उमटे. वारंवार प्रयत्न करूनही उत्तर न आल्यास प्रयत्नांची मर्यादा संपल्याची सूचना येई. संबंध जुळल्यानंतर पेटी आपणहून संभाषणाच्या अवस्थेत जाई. आज्ञेच्या अवस्थेतून चालकाला स्वतः तिकडे वळावयाचे असल्यास ‘कॉन्व्हर्स’ असा शब्द होता, किंवा नुसते ‘के’ हे एक अक्षर. मोर्सच्या जुन्या परिभाषेत ‘के’चा अर्थ ‘बोला, मी ऐकतो’ असाच आहे.

तारेच्या मोडेमला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी या आज्ञांत होत्या, आणि त्यांवरून बिनतारी माध्यमाचा स्वभाव लक्षात येतो. प्रक्षेपक चालू केल्यावर तो स्थिर होईपर्यंत काही क्षण जातात. त्याआधीच अक्षरे सोडली तर पहिली अक्षरे वाया जातात. म्हणून ‘टीएक्सडिले’ ही आज्ञा. तिच्यापुढे ३० हा आकडा दिला म्हणजे पेटी ३०० सहस्रांश सेकंद थांबून मग बोलू लागे. हवेतले बोलणे सर्वांनाच ऐकू येते. म्हणून ‘मॉनिटर’ ही आज्ञा, जिने इतरांची पुडकीही पडद्यावर दिसत. स्वतःचा आवाज दूरवर पोहोचत नसेल तर मधल्या चालकांच्या पेट्यांनी तो पुढे न्यावा, अशी सोय होती. एएक्स-२५च्या नियमांत अशा जास्तीत जास्त आठ मध्यस्थांची नावे पुडक्यावर घालता येत. टप्प्याटप्प्याने थैली पुढे नेणाऱ्या डाकेचीच ही पद्धत. फरक इतकाच की येथे प्रत्येक टप्प्यावरचे घोडे कोणा हौशी चालकाने स्वखर्चाने बांधून ठेवलेले असे.

आज्ञा आणि मजकूर यांचा भेद येथे दोन प्रकारे राखला होता. साध्या संभाषणात मनुष्य अक्षरे टाइप करतो, नियंत्रण-चिन्हे टाइप करीत नाही. तेव्हा कंट्रोल आणि ‘सी’ ही कळांची जोडी दाबली की पेटी तत्काळ आज्ञेकडे वळे. परंतु संगणकावरील एखादे चित्र किंवा आज्ञावली पाठवावयाची असली, तर तिच्यात कोणतेही चिन्ह, अगदी हेसुद्धा, येऊ शकते. त्यासाठी ‘ट्रान्स’ नावाची पारदर्शक अवस्था होती. तिच्यात पेटी काहीही न तपासता सर्व मजकूर पुढे धाडी. तीतून बाहेर पडावयाचे तर क्षणभर शांत राहावे, कंट्रोल-सी तीनदा द्यावे, पुन्हा शांत राहावे. अ‍ॅटलांटाच्या तंत्रज्ञांनी तारेसाठी योजलेले मौन आणि टूसॉनच्या चालकांनी हवेसाठी योजलेले मौन, ही एकमेकांची सख्खी भावंडे दिसतात.

थोड्याच वर्षांनी एका वेगळ्या मताने उचल खाल्ली. १९८७ साली फिल कार्न आणि माइक चेपोनिस या दोन अमेरिकन चालकांनी असे मांडले की, पेटीने शहाणपणा करूच नये. सारी बुद्धी संगणकाकडे असावी, पेटीने फक्त पुडकी हवेत सोडावीत आणि हवेतून उचलावीत. या पद्धतीला त्यांनी ‘किस’ असे नाव दिले. ‘सोपे ठेवा’ या अर्थाच्या एका इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे आहेत. टापरच्या पेटीला ‘किस ऑन’ आणि मग ‘रिस्टार्ट’ अशी आज्ञा दिली की ती मानवी शब्द ऐकेनाशी होई. तेथून पुढे १९२ हा सांकेतिक अंक म्हणजे पुडक्याची गाठ. गाठीनंतरचा पहिला अंक शून्य असेल तर पुढे मजकूर, एक असेल तर पुढे प्रक्षेपकाच्या विलंबाची आज्ञा. मजकुरातच १९२ आला तर त्याच्या जागी २१९ आणि २२० अशी जोडी घालावयाची, म्हणजे खोटी गाठ पडावयाची नाही. येथे मौनाची गरज उरली नाही, आणि वेळेचा अपव्ययही टळला. गणिती दृष्टीने ही उकल अधिक काटेकोर, यात संशय नाही. परंतु तिची किंमतही होती. पेटीपुढे केवळ कळफलक आणि पडदा घेऊन बसलेल्या माणसाला तिच्याशी आता बोलता येईना. तिला माणसाच्या भाषेत परत आणावयाचे तर १९२, २५५, १९२ हे तीन अंक पाठवावे लागत, आणि ते सामान्य कळफलकावर सहजासहजी सापडत नाहीत.

टंकित शब्द अस्तास जाणार, असे त्या वेळी कोणास वाटले असल्यास नवल नव्हते. घडले मात्र उलट. हेस कंपनी १९९० नंतरच्या दशकात डबघाईस आली आणि १९९९ साली तिचा कारभार आटोपला, पण तिची भाषा तिच्यामागे उरली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९५ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारतात विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा मुंबईतील घरोघरचे मोडेम दूरध्वनीवरून हाक मारीत ती याच ‘एटीडी’ने. नव्या विद्युत केंद्राच्या दूरध्वनीला ‘टी’ जोडावयाचा म्हणजे सूर निघत, जुन्या केंद्राच्या दूरध्वनीला ‘पी’ जोडावयाचा म्हणजे तबकडी फिरल्यासारखे ठोके पडत.

त्याच सुमारास युरोपात भ्रमणध्वनीचे जीएसएम प्रमाण प्रसार पावत होते. भ्रमणध्वनी म्हणजे वस्तुतः एक बिनतारी मोडेमच. त्याला बाहेरून आज्ञा देण्यासाठी तज्ज्ञांनी नवी भाषा न घडविता ‘एटी’पुढे अधिक-चिन्ह लावून नवे शब्द जोडले. ‘एटी+सीएसक्यू’ म्हटले की लहरीचे बळ ० ते ३१ या मापात कळते, आणि मोजता न आल्यास ९९ असे उत्तर येते. ‘एटी+सीएमजीएस’ म्हणून क्रमांक दिला की यंत्र एक बाणाग्र दाखवून लघुसंदेशाचा मजकूर मागते. मजकूर संपल्याची खूण म्हणजे कंट्रोल-झेड, आणि विचार बदलल्यास एस्केपची कळ. आज्ञा येथे संपली, मजकूर येथे सुरू झाला, हे बाणाग्र सांगते. जुन्या प्रश्नाला मिळालेले हे आणखी एक उत्तर होय. भ्रमणध्वनीच्या पिढ्या बदलल्या, चौथी आणि पाचवी आली, तरी या आज्ञांच्या प्रमाण-ग्रंथात नवी भर पडतच राहिली आहे.

हवेतून पलीकडच्या मोडेमलाच आज्ञा देण्याची पाळी आली, तेव्हा या भाषेने आणखी एक पाऊल टाकले. चालकाविना उडणाऱ्या छोट्या विमानांशी माहितीची देवघेव करण्यासाठी सिक या नावाच्या मुक्त आज्ञावलीवर चालणारे लहान रेडिओ मोडेम वापरतात. त्यांत ‘एटी’ म्हणजे हाताशी असलेल्या मोडेमला दिलेली आज्ञा, आणि ‘आरटी’ म्हणजे दूरच्या मोडेमला दिलेली आज्ञा. दोन्हीकडची मांडणी जुळली नाही तर संबंध तुटतो. म्हणून बदल करावयाचा झाल्यास आधी दूरच्याला सांगावे आणि मग जवळच्याला, असा क्रम पाळावा लागतो. जवळच्याची लहर आधी बदलली, तर दूरच्याला हाक मारण्याची वाटच बंद होते.

एवढी सुलभ भाषा निर्धोक असेल, असे मात्र नाही. जी आज्ञा कोणासही टाइप करता येते ती कोणासही टाइप करता येते! २०१८ साली अमेरिकन संशोधकांनी ११ उत्पादकांच्या अँड्रॉइड भ्रमणध्वनींमधील २,००० हून अधिक मूळ आज्ञावल्या तपासून ३,५०० एटी आज्ञा शोधून काढल्या. यांपैकी कित्येक ग्राहकांना अज्ञात होत्या, आणि तारेने जोडलेल्या काही भ्रमणध्वनींत त्यांच्या योगे पडद्यावरील कुलूपही चुकविता येत होते. जासुदाने कोणाचा हुकूम मानावा, हे ठरविल्यावाचून त्याचे आज्ञाधारकपण हा गुण ठरत नाही. टंकित आज्ञांच्या इतिहासात या प्रश्नाकडे फार काळ दुर्लक्ष झाले, हे नमूद करणे प्राप्त आहे.

तरीही ही भाषा का टिकली, याचे उत्तर एखाद्या शेताच्या बांधावर मिळू शकेल. महाराष्ट्रात रात्री-अपरात्री वीज येते आणि विहिरीवरील पंप चालू करण्यासाठी शेतकऱ्याला अंधारात जावे लागते. ही यातायात टाळण्यासाठी अनेकांनी भ्रमणध्वनीवरून चालणाऱ्या पेट्या पंपाला बसविल्या आहेत. अशा पुष्कळ पेट्यांच्या आत एक छोटा सूक्ष्मप्रक्रियक आणि एक जीएसएम मोडेम शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि त्यांचे बोलणे चालते ते ‘एटी’ आणि ‘ओके’ या शब्दांत. येथे कळफलक नाही, पडदा नाही, वाचणारा मनुष्यही नाही. यंत्र यंत्राशी माणसाच्या अक्षरांत बोलत आहे. वरकरणी ही उधळपट्टी वाटेल. परंतु एके दिवशी पेटी मुकी होते. तालुक्याच्या गावाहून आलेला कारागीर झाकण उघडतो, दोन तारा आपल्या संगणकाला जोडतो, आणि कळफलकावर दोन अक्षरे टाइप करतो. ‘ओके’ आले तर मोडेम जिवंत आहे. मग लहरीचे बळ विचारावयाचे. ९९ असे उत्तर आले तर लहर पोहोचत नाही, आकाशतार पाहावयास हवी. आकडा चांगला आला तर दोष अन्यत्र आहे. यासाठी त्याला मोडेम बनविणाऱ्या कारखान्याची परवानगी लागत नाही, की गुप्त उपकरण लागत नाही.

काटेकोरपणात ‘किस’च्या अंकांनी टंकित शब्दांना मागे टाकले असेल. परंतु ज्या आज्ञा मनुष्य वाचू शकतो, त्या आज्ञा मनुष्य तपासू शकतो आणि दुरुस्तही करू शकतो. १९८१ साली दोन तंत्रज्ञांनी वेगळी तार नाही या अडचणीपोटी जी वाट काढली, तिचा हा खरा लाभ होय. कारागीर झाकण लावतो, शेतकरी बांधावरूनच आपल्या भ्रमणध्वनीवर क्रमांक दाबतो, आणि क्षणभराने विहिरीवरचा पंप चालू झाल्याचा आवाज येतो.